लाट किती चढेल ?

परभणीपासून समुद्र सरळ रेषेंत मोजला तरी सुमारें ४०० किलोमीटर दूर आहे. तेव्हां येथील माणसानें लाटांविषयीं बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु लाट ही कांहीं एकट्या समुद्राची मिरास नव्हे. मोकळें पाणी आणि मोकळा वारा ह्यांची गांठ जेथें पडते तेथें लाट उठते, आणि अशी एक जागा आपल्या जिल्ह्यांतहि आहे. जिंतूर तालुक्यांत पूर्णा नदीवर १९६८ सालीं पुरें झालेलें येलदरीचें धरण आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. सुमारें सव्वाचार किलोमीटर लांबीचें हें धरण ५१ मीटर उंच आहे, आणि त्याच्यामागें ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी सांठूं शकतें.

कांहीं वर्षांपूर्वीं, पावसाळा सरत आला असतां, शेजारच्या एका मुलाला घेऊन मी हें धरण दाखवावयास गेलों होतों. जलाशय भरला होता, वारा चांगलाच सुटला होता, आणि एकामागून एक लाटा येऊन बांधाच्या दगडांवर आपटत होत्या. मुलगा थोडा वेळ पाहत राहिला आणि मग म्हणाला, ‘‘आजोबा, धरण भरलें म्हणतां. मग पाणी इतकें खालीं आणि भिंत इतकी वर कशासाठीं ? वरची माती फुकट गेली नाहीं का ?’’

प्रश्न पोराचा होता, पण पोरकट नव्हता. त्याला त्या वेळीं मीं जें उत्तर दिलें तें अपुरें होतें. आज तें पुरें करण्याचा प्रयत्न करतों.

भरलेल्या पाण्याची पातळी आणि बांधाचा माथा ह्यांमध्यें जी उंची मोकळी सोडलेली असते तिला इंजिनियर लोक ‘फ्रीबोर्ड’ म्हणतात. आपण तिला मोकळी उंची म्हणूं. ती फुकट गेलेली नसते. महापूर आला म्हणजे पाण्याची पातळी कांहीं काळ चढते. मातीचा बांध कालांतरानें थोडा दबतो. आणि ह्या दोहोंहून अधिक नित्याची गोष्ट ही कीं, वाऱ्यानें उठलेली लाट उतारावर आपटून वर धांवते. मातीच्या बांधावरून पाणी वाहूं देऊन चालत नाहीं. दगडी भिंत एखादे वेळीं तें निभावून नेईल. मातीच्या बांधाची पाठ मात्र ओघाबरोबर थोड्याच वेळांत धुपून जाते. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्याला कारण लाटा नव्हत्या. आंतील मोरीवरची माती खचून बांध खालीं बसला आणि पाणी त्यावरून गेलें. पण माथ्यावरून पाणी गेल्यावर मातीचें काय होतें, हें त्या दिवशीं पुण्यानें पाहिलें. म्हणून लाट किती वर चढेल, हें बांध घालण्यापूर्वींच सांगतां आलें पाहिजे. ह्या चढण्याच्या उंचीला मी आज ‘लाटेची चढण’ असें म्हणणार आहें.

येथें एक गैरसमज आधींच दूर केला पाहिजे. लाट एक मीटर उंच असली म्हणजे ती एक मीटरच वर चढेल, असें नाहीं. ती किती चढेल हें बहुतांशीं तिच्या पायाखालचा उतार ठरवितो. मंद उतारावर लाट दूरवरच फुटते; तिचें बळ फेसांत आणि खळबळींत खर्चीं पडतें, आणि उरलेला पाण्याचा पातळ पापुद्रा जेमतेम थोडासा वर सरकतो. उभट उतारावर तीच लाट अगदीं जवळ येईपर्यंत शाबूत राहते, आणि फुटतांच तिचें पाणी झेंप घेतल्यासारखें वर जातें. एकच लाट, एकच वारा, आणि चढण मात्र निरनिराळी.

ह्या गोष्टीला गणिताचें रूप येण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. १९४९ मध्यें स्पेन देशांतील रामोन इरिबारेन ह्या इंजिनियरानें आपल्या सहकाऱ्याबरोबर असें दाखविलें कीं, उताराचा उभटपणा आणि लाटेचा उभटपणा ह्यांचें परस्पर प्रमाण काय आहे, ह्यावर लाटेचें किनाऱ्यावरील वर्तन अवलंबून असतें. पुढें १९५९ मध्यें हंट नांवाच्या अमेरिकन इंजिनियरानें एक सुटसुटीत नियम दिला. लाटेची उंची आणि खोल पाण्यांतील तिची लांबी, म्हणजे एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचें अंतर, ह्यांचा गुणाकार करावा. त्याचें वर्गमूळ काढावें. आणि त्याला उतारानें गुणावें. उतारावर फुटणाऱ्या लाटेची चढण ह्या नियमानें अदमासे कळते.

आपण हें गणित करून पाहूं. तें तोंडीं होण्याजोगें आहे. जलाशयावर वाऱ्यानें उठलेली एक मीटर उंचीची आणि सोळा मीटर लांबीची लाट घ्या. गुणाकार सोळा, वर्गमूळ चार. मातीच्या धरणाचा पाण्याकडचा उतार सामान्यतः अडीचास एक ते तिनास एक असा असतो, म्हणजे अडीच किंवा तीन मीटर आडवें गेलें कीं एक मीटर चढ. अडीचास एक म्हणजे ०.४, चारानें गुणिले असतां चढण १.६ मीटर. तिनास एक असेल तर सुमारें १.३ मीटर. चारांस एक असेल तर बरोबर १ मीटर. गुळगुळीत पृष्ठभागाचा हा हिशेब झाला. येलदरीसारख्या बांधाच्या पाण्याकडच्या अंगावर दगड रचलेले असतात, ज्याला आपल्याकडे सर्रास पिचिंग म्हणतात. त्या दगडांच्या खांचाखोंचांत लाटेचें पाणी अडतें, जिरतें, आणि चढण जवळजवळ निम्म्यावर येते. ते दगड माती धुपूं नये म्हणून तर असतातच. पण लाटेचा दम काढणें हेंहि त्यांचेंच काम आहे.

ह्या नियमांत एक बारीक गोष्ट आहे, तिकडे आपलें लक्ष वेधतों. लाटेची उंची आणि लांबी वर्गमूळाच्या आंत आहेत. उतार बाहेर आहे. लाटेची उंची मोजण्यांत शेंकडा दहांची चूक झाली तर उत्तरांत ती शेंकडा पांचच उरते. उताराच्या मापांत शेंकडा दहांची चूक झाली तर ती जशीच्या तशी उत्तरांत उतरते. तरीहि वारा आणि लाट ह्यांचे आंकडे मिळविण्यासाठीं लोक वर्षानुवर्षें निरीक्षणें करतात, आणि उताराचा आंकडा मात्र एखाद्या जुन्या नकाशावरून पट्टी लावून काढतात.

आज हीं गणितें हातानें करण्याची गरज राहिलेली नाहीं. संगणकावरील सॉफ्टवेअर पडद्यावर चार-सहा रकाने मांडून ठेवतें : लाटेची उंची, दोन लाटांमधील काळ, पाण्याची पातळी, उतार. रकाने भरले कीं क्षणांत उत्तर येतें, आणि तेंहि दोन दशांश स्थळांपर्यंत. उताराचा रकाना इतका लहान असतो कीं त्यांत केवढा प्रश्न दडलेला आहे हें ध्यानांत येत नाहीं. पहिली अडचण तर केवळ लिहिण्याचीच आहे. दहास एक असा उतार कोणी ०.१ असा लिहितो, कोणी शेंकडा दहा म्हणतो, कोणी कोनांत सांगतो, तो कोन सुमारें ५.७ अंशांचा होतो. आणि कांहीं ठिकाणीं नुसता दहा हाच आंकडा अपेक्षित असतो. माझ्या हातून एकदां तिनास एक उतारासाठीं ०.३३ च्या ऐवजीं ३ लिहिला गेला. मघांच्या लाटेची चढण बारा मीटर आली ! तीन मजली घराएवढें पाणी चढणार म्हटल्यावर चूक आपोआप पकडली गेली. पण ०.३३ च्या जागीं ०.२५ लिहिला असता तर उत्तर एक मीटर आलें असतें, तें अगदीं शहाणें दिसलें असतें, आणि कोणालाहि संशय आला नसता. धोका वेड्या आंकड्यांचा नसतो. शहाण्या दिसणाऱ्या चुकीच्या आंकड्यांचा असतो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. उतार कोठून कोठपर्यंतचा ? धरणाचा बांध माणसानें घातलेला असतो, त्याचा नकाशा असतो, तेव्हां निदान तेथें तरी हा प्रश्न पडूं नये, असें वाटतें. पण तेथेंहि तो पडतो. पुष्कळ बांधांचा उतार माथ्याजवळ एक आणि तळाकडे दुसरा असतो. कोठें मध्यें सपाट पायरी सोडलेली असते. अशा वेळीं कोणता उतार घ्यावयाचा ? १९५८ मध्यें सॅव्हिल ह्या अमेरिकन संशोधकानें ह्याला एक युक्ति सांगितली. लाट जेथें फुटते ती जागा आणि तिची चढण जेथें संपते ती जागा, ह्या दोहोंना जोडणारी एक सरळ रेषा कल्पावी, आणि तिचाच उतार हिशेबाला घ्यावा. पण चढण कोठें संपते हेंच तर आपणांस काढावयाचें आहे ! म्हणून आधीं एक चढण गृहीत धरावी, तीवरून उतार काढावा, त्या उतारावरून पुन्हां चढण काढावी, आणि गृहीत धरलेली चढण व मिळालेली चढण जुळेपर्यंत हा फेरा चालूं ठेवावा. युक्ति साधी आहे, पण तिच्यांतलें तत्त्व मोठें आहे. उतार म्हणजे बांधाच्या अंगीं असलेला एखादा कायमचा गुण नव्हे. ज्या पट्ट्यावरून लाट खरोखर धांवणार त्या पट्ट्याचा तो उतार. पाण्याची पातळी उतरली कीं तो पट्टा उतरला. लाट मोठी झाली कीं तो पट्टा रुंदावला. भारतीय मानक ब्यूरोच्या मातीच्या धरणांच्या मोकळ्या उंचीसंबंधींच्या १९९३ च्या नियमावलींतहि सॅव्हिलच्या पद्धतीचा आधार घेतलेला आहे. तेव्हां येलदरीच्या काठावर त्या मुलानें विचारलेला प्रश्न हा साऱ्या देशाचाच प्रश्न आहे.

आतां थोडें समुद्राकडे वळूं. आपला मराठवाडा समुद्रापासून दूर खरा. पण १९४८ पर्यंत आपण ज्या हैदराबाद संस्थानांत होतों, त्याच्या राजधानींत आज भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. १९९९ मध्यें स्थापन झालेलें हें केंद्र साऱ्या हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लाटांची आणि उधाणाची पूर्वसूचना देण्याचें काम करतें. समुद्राचा अंदाज समुद्रकांठींच बसून करावा लागतो असें नाहीं. मात्र ज्या किनाऱ्याचा अंदाज करावयाचा त्याची माती, किंवा वाळू, पायाखालीं घेतलेली असावी लागते.

कोंकणांतील वाळूच्या किनाऱ्याला तेथील लोक पुळण म्हणतात. गुहागरची, गणपतिपुळ्याची, दिवेआगरची पुळण आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. बहुतेकांनीं ती दिवाळीनंतर किंवा मे महिन्याच्या सुट्टींत पाहिलेली असते, आणि ती नेहमीं तशीच असते अशी आपली समजूत होते. तीच पुळण आषाढांत पाहावी. पावसाळ्यांतील उभट, घाईघाईनें येणाऱ्या लाटा वरच्या अंगाची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखालीं तिचा बांध घालून ठेवतात. पुळण खंगते, खालावते, आणि बहुधा अधिक सपाट होते. आश्विनानंतर लांब आणि शांत लाटा येऊं लागल्या म्हणजे तीच वाळू हळूहळू परत येते, आणि वरचें अंग पुन्हां उभट व भरलेलें होतें. येलदरीचा बांध आपण घातला. पुळण मात्र दर वर्षीं समुद्रच मोडतो आणि समुद्रच घालतो.

ह्यांत भरती-ओहोटीची भर पडते. ओहोटीच्या वेळीं पाणी पुळणीच्या खालच्या, घट्ट व सपाट भागावर खेळतें. तेथें उतार पन्नासांस एक इतका मंद असूं शकतो. भरतीच्या वेळीं तेंच पाणी वरच्या अंगाशीं येतें. तेथें उतार दहास एक किंवा त्याहूनहि उभट असूं शकतो. म्हणजे एकाच दिवशीं, एकाच ठिकाणीं, सहा तासांच्या अंतरानें लाटेला दोन निरनिराळे उतार भेटतात. मग त्या लहानशा रकान्यांत कोणता लिहावयाचा ?

लिहिण्यानें किती फरक पडतो तें आंकड्यांतच पाहूं. आज पुष्कळ सॉफ्टवेअरांत जो नियम वापरतात तो २००६ मध्यें हिलरी स्टॉकडन ह्या बाईंनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या आणि नेदरलँड्सच्या वाळूच्या किनाऱ्यांवर केलेल्या दहा प्रयोगांवर तो आधारलेला आहे, आणि शंभर चढणींपैकीं ज्या उंचीच्या वर दोनच चढणी जातात ती उंची तो सांगतो. आतां तीन मीटर उंचीची आणि दहा-दहा सेकंदांनीं येणारी लाट घ्या. अशा लाटेची खोल पाण्यांतील लांबी सुमारें १५६ मीटर असते. उताराच्या रकान्यांत दहास एक लिहिलें तर ह्या नियमानें चढण २ मीटर येते. विसांस एक लिहिलें तर १.३ मीटर. पन्नासांस एक लिहिलें तर ०.९ मीटर. लाट तीच, पातळी तीच. लिहिणाराची निवड बदलली आणि उत्तर दुपटीहून अधिक झालें.

ह्या नियमाच्या कर्त्यांनीं उतार म्हणजे कोणता उतार, हें स्पष्ट सांगून ठेवलें आहे. पाण्याची कड वाळूवर सारखी पुढें-मागें होत असते. तिची सरासरी जागा काढावी. त्या जागेच्या खालीं आणि वर, पाण्याचें जाणें-येणें बहुतेक जेवढ्या पट्ट्यांत चालतें तेवढा पट्टा घ्यावा. आणि त्या पट्ट्याचा सरासरी उतार धरावा. पाण्याखालच्या समुद्रतळाचा उतार नव्हे, वाळूच्या टेंकडाच्या तोंडाचा उतार नव्हे, आणि सुरूच्या बनापासून दूर समुद्रापर्यंतच्या एकंदर जमिनीचाहि नव्हे. नियमांतील सारे गुणक ह्याच व्याख्येवर बसविलेले आहेत. शेराच्या मापानें ठरविलेला भाव किलोच्या मापाला लावला तर देणाऱ्याचें किंवा घेणाऱ्याचें नुकसान ठरलेलें. तसेंच हें आहे. रकान्यावर नुसतें ‘उतार’ एवढेंच लिहिलेलें असतें. त्याच्या मागची ही व्याख्या शोधून काढणें हें वापरणाराचें काम.

कोणी म्हणेल कीं, नवीं सॉफ्टवेअरें एकच आंकडा मागत नाहींत. साऱ्या पुळणीचा उभा छेदच मागतात, आणि नेदरलँड्समध्यें तयार झालेल्या एक्सबीचसारख्या प्रणालींत तर वादळाबरोबर वाळूहि हलते. हें खरें आहे, आणि ही मोठीच सोय आहे. पण सुरुवातीची पुळण तेथेंहि आपणच द्यावी लागते. १९१६ मध्यें स्थापन झालेल्या आणि आतां पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रांत किनाऱ्यांचे लहान नमुने बांधून त्यांवर खऱ्या पाण्याच्या लाटा सोडतात. असा नमुना बांधतांना गवंडी हातांत थापी घेऊन विचारणारच, ‘‘साहेब, ढाळ कोठून कोठपर्यंत देऊं ?’’ संगणक हा प्रश्न विचारीत नाहीं. जें दिलें तें तो निमूटपणें घेतो. म्हणून गवंड्याचा प्रश्न आपणच आपल्याला विचारावा लागतो.

हा केवळ विद्वानांचा काथ्याकूट नव्हे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. त्या दिवशीं पावसाळा कोंकणांत पोहोंचावयाचा होता. म्हणजे वादळ आलें तें पावसाळी लाटांसारख्या, किंबहुना त्यांहून मोठ्या लाटा घेऊन. पण त्याला सामोरी गेली ती उन्हाळ्यांतली, भरलेली पुळण. अशा दिवसाचा अंदाज करण्यासाठीं आषाढांतील सपाट उतार घेतला तर चढण कमी येईल. आणि उलट, आषाढांतील उधाणासाठीं माघांत मोजलेली पुळण घेतली तर उतार उभट म्हणून चढण अधिक येईल खरी, पण वरच्या अंगाची जी वाळू तेव्हां वाहून गेलेली असते ती हिशेबांत जागच्या जागींच राहील, आणि पाणी घरापर्यंत पोहोंचणार नाहीं असें खोटेंच आश्वासन मिळेल. मोजणी करणारे लोक बहुधा उघडिपींतच किनाऱ्यावर जातात, कारण भर पावसाळ्यांत तेथें उभें राहणेंच कठीण. त्यामुळें ही दुसरी चूक अजाणतां होण्याचा संभव अधिक.

आणि ह्या चुकीची किंमत जमिनीवर मोजली जाते. विसांस एक उताराच्या मोकळ्या जागेवर उभ्या उंचींतला एक मीटर म्हणजे आडवे वीस मीटर. वीस मीटरांत माडांच्या कांहीं ओळी बसतात, एखाद्याचें घर आणि पडवी बसते. अंदाज थिटा पडला तर त्या घरांत पाणी शिरतें. अंदाज फाजील झाला तर त्याच घराच्या मालकाला, कारण नसतां, येथें राहूं नका म्हणून सांगितलें जातें, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची जागा नकाशावरील एका रेषेपायीं त्याच्या हातून जाऊं शकते. दोन्ही बाजूंना माणसें आहेत. सावधगिरी म्हणून मोठा आंकडा टाकून मोकळें व्हावें, असें म्हणून येथें सुटका नाहीं.

मग करावें काय ? मार्ग अवघड नाहीं. उताराचा आंकडा लिहिण्यापूर्वीं पांच गोष्टी शेजारीं लिहाव्या. हा उतार कोठून कोठपर्यंतचा, कोणत्या महिन्यांत मोजलेला, कोणत्या पाणपातळीसाठीं, ती पातळी कोणत्या शून्यापासून, म्हणजे समुद्राच्या सरासरी पातळीपासून कीं नाविक नकाशांतील नीचतम ओहोटीच्या पातळीपासून, आणि किनाऱ्याच्या किती ओळींवर मोजलेला. एकाच पुळणीच्या दोन टोंकांना उतार सारखा असतो असें नाहीं. खाडीच्या तोंडाशीं तो वेगळा, खडकाच्या आडोशाला वेगळा. मोजमाप किनाऱ्याच्या रेषेशीं काटकोनांत करावें. तिरकें मोजलें कीं उतार आहे त्याहून मंद भासतो. आणि शेवटीं, एक उतार लिहून एक उत्तर घेऊं नये. सर्वांत मंद, मधला आणि सर्वांत उभट असे तीन उतार देऊन तीन उत्तरें घ्यावीं, आणि लोकांपुढें तिन्ही ठेवावीं. उत्तर २ मीटर आहे असें म्हणण्यापेक्षां तें ०.९ पासून २ मीटरांपर्यंत आहे आणि ह्या कारणानें आहे, असें म्हणणें अधिक प्रामाणिकपणाचें होय.

मोजण्यासाठीं महाग यंत्रच पाहिजे असेंहि नाहीं. १९६१ मध्यें एमरी नांवाच्या अमेरिकन भूशास्त्रज्ञानें सांगितलेली एक रीत शाळेंतील मुलांनाहि जमेल. सारख्या उंचीच्या दोन काठ्या घ्याव्या आणि त्यांवर वरून खालीं मापाच्या खुणा कराव्या. ठराविक लांबीच्या दोरीच्या अंतरानें एक काठी समुद्राकडे आणि एक जमिनीकडे उभी धरावी. जमिनीकडच्या माणसानें समुद्राकडच्या काठीचें टोंक आणि क्षितिजाची रेघ एका ओळींत आणून पाहावें; ती ओळ आपल्या काठीला वरून किती खालीं छेदते, तेवढा त्या दोरीभर अंतरांतला उतार. मग दोरीभर पुढें सरकावें. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीस पुळण सर्वांत अधिक उघडी पडते. त्या दिवशीं, बनापासून पाण्याच्या कडेपर्यंत, दर पंधरवड्याला ही मोजणी वर्षभर केली तर त्या गांवाजवळ आपल्या पुळणीचें बारा महिन्यांचें टिपण होईल. संगणकाला देण्याजोगा ह्याहून मोलाचा आंकडा दूरवरून मिळणार नाहीं. आपल्याकडे धरणाच्या अंगावर क्षितिजाचा उपयोग नाहीं. तेथें पाणसळ आणि दोरी पुरे. दबलेले, सरकलेले दगड धरून आज जो उतार आहे तो, नकाशावरचा नव्हे, मोजून ठेवावा.

श्रोतेहो, उताराचें हें शहाणपण आपल्या जिल्ह्याला परकें नाहीं. काळ्या जमिनीचा शेतकरी बांधबंदिस्ती करतांना शेताचा ढाळ एका आंकड्यांत सांगून समाधान मानीत नाहीं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला कीं तो शेतांत हिंडतो, पाणी कोठून शिरलें, कोठें वळलें, कोठें माती घेऊन गेलें, हें पाहतो, आणि मग बांध कोठें घालावयाचा तें ठरवितो. ज्या वाटेनें पाणी जाणार त्या वाटेचा ढाळ, एवढाच ढाळ त्याच्या कामाचा. लाटेच्या बाबतींतहि नेमकें हेंच आहे. फरक इतकाच कीं शेतांत पाणी खालीं जातें आणि येथें तें वर चढतें.

त्या मुलाला मीं त्या दिवशीं एवढेंच सांगितलें होतें कीं, वरची माती लाटांसाठीं आहे. आतां तो पुन्हां भेटला तर मी म्हणेन, ‘‘बाळ, वरची ती माती म्हणजे कोणीतरी आधीं केलेल्या हिशेबाचें उत्तर आहे. तें उत्तर बरोबर असावें म्हणून त्यानें एका उताराची निवड केली. तूं मोठा होऊन असा हिशेब करशील तेव्हां यंत्राला आंकडा देण्यापूर्वीं एकदां पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहा, आणि लाट कोठून कोठवर धांवते तें डोळ्यांनीं पाहा.’’